गळलेली अकरा नावं

महाडच्या संगणक मंडळाचा नियम एकच, पण खाष्ट. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता ज्याची पाळी, त्याने आपला प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा, आणि तोही खऱ्या माहितीवर. नुसत्या बाता मारणाऱ्याला गंगाधर सर चहासुद्धा देत नसत. हे गणिताचे निवृत्त मास्तर, मंडळ त्यांनीच काढलेलं.

२००२ सालच्या त्या रविवारी पाळी शकू मोरेची होती. आंबेनळीच्या बाजूच्या एका वाडीतली ही मुलगी टायपिंग करता करता संगणकावर याद्या ठेवायचं फॉक्सप्रो शिकली आणि शहरातली होऊन गेली. इतकी की वाडीचं बोलणं तिने एसटीतच सोडून दिलं होतं. पुढच्या बाकावर डॉक्टर कालिंदीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मोतीबिंदू शिबिराची यादी शकूनेच केली होती. आज प्रोग्राम नीट दाखवता आला, तर दवाखान्यातली पक्की नोकरी तिची.

"एकच माणूस यादीत दोनदा आला, तर प्रोग्राम एक नाव आपोआप काढतो," शकू म्हणाली. "गाव, पूर्ण नाव आणि वय जुळलं की झालं. पोलादपूरच्या यादीतून अशी अकरा गेली."

टाळ्या पडल्या. "कोणती गेली, तीही दाखव की," सर म्हणाले.

तिने कळ दाबली. पडद्यावर तिसरं नाव आलं: चांगू सोमा मोरे, वय साठ. ते शकूच्या बापाचं नाव होतं.

वाडीत चांगू सोमा मोरे दोन. जन्मतारीख कुणाकडेच नाही, म्हणून दोघंही वय साठच सांगत. आरोग्यसेविका शहाणी, तिने सारख्या नावांपुढे घराच्या खुणा लिहिल्या होत्या: माळावरचा, वहाळाकडला म्हणजे ओढ्याजवळचा, चिंचेखालचा. टाइप करताना शकूला त्या गावठी खुणांची लाज वाटली आणि तिने त्या सगळ्या गाळल्या. अतिशहाणपणा नडतो तो असा!

यादी शनिवारीच इस्पितळात गेली होती. उद्या सकाळी सातला रुग्णांना न्यायला पोलादपूरला इस्पितळाची गाडी येणार. यादीत नाव नसेल, तो परत. दोन चांगू येतील, जागा एकाची, आणि तिचा बाप असा की स्वतःच मागे सरेल. गेल्या गणपतीत त्याने लेकीचा चेहरा हाताने चाचपून ओळखला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बैठक संपल्यावर बापाचं नाव गुपचूप घालता आलं असतं. पण उरलेल्या दहांचं काय? लोक चहाकडे वळू लागले होते.

"थांबा," ती म्हणाली. "प्रोग्राम चुकलाय. चूक माझी आहे. ही माणसं वेगळी आहेत, खुणा मी गाळल्या."

कालिंदीबाई उठल्या, कोपऱ्यातला फोन ओढून घेतला आणि इस्पितळाचा नंबर फिरवला.

"बाई, नोकरीचं..."

"ते नंतर बघू. आधी नावं सांग. खुणांसकट."

शकूने पिशवीतून आरोग्यसेविकेचे कागद काढले आणि मोठ्याने वाचायला लागली. मग तिसरं नाव आलं.

"चांगू सोमा मोरे. वहाळाकडला," ती म्हणाली. "हा माझा बापूस हाय."