ट्रेसरकाकू

ट्रेसरकाकू कॉम्प्युटरवर रेघ ओढताना श्वास रोखायच्या. माउसची दोन क्लिक, त्यात कसला आलाय श्वास! पण रेघ पुरी झाली की त्या मोठ्याने "हुश्श" करायच्या आणि अख्खा क्लास हसायचा. "हसा लेको," त्या म्हणायच्या, "ट्रेसिंग पेपरवर शाई फुटली असती म्हणजे कळलं असतं."

पेणकरपाड्यातल्या त्या ऑटोकॅडच्या क्लासात आम्ही सगळे विशीतले, त्या पंचेचाळिशीच्या. फोर्टातल्या एका आर्किटेक्टकडे त्यांनी वर्षानुवर्षं हाताने नकाशे ट्रेस केले होते. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि काकू घरी बसल्या. "मला पुन्हा ड्रॉइंगच करायचंय. दुसरं काही येत नाही गं मला," हे त्या इतक्या दमलेल्या आवाजात सांगत की पुढे काही विचारवत नसे. तरी स्वयंपाकपाणी आवरून रोज सगळ्यांच्या आधी हजर. कमांड विसरली की स्वतःवरच चिडत आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून काढत.

एका फर्मने आम्हा दोघींना एकाच दिवशी बोलावलं. टेस्ट होती साध्या वन बीएचकेच्या प्लॅनची. काकूंचा माझ्या आधी झाला. पण प्रत्येक कोपऱ्यात त्यांनी रेघा मुद्दाम एकमेकींच्या जराशा पुढे नेल्या होत्या. हाताने काढणारी जुनी माणसं तसंच करत, कोपरा नीट जुळलाय हे दिसावं म्हणून. समोरचा पोरगेला आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, जादा रेघ ट्रिम करायला शिकवलं नाही का?"

"येतं की," काकू म्हणाल्या, "पण कोपरा असाच पक्का दिसतो."

तो नुसता हसला. नोकरी मला लागली.

परतताना रिक्षात मला आनंद होत होता आणि त्याचीच लाजही वाटत होती. काकू म्हणाल्या, "तोंड काय पाडतेस? जागा आपल्याच क्लासात आली ना?" दुसऱ्या दिवसापासून त्या क्लासला आल्या नाहीत. पुढे त्यांनी घरीच पाळणाघर सुरू केल्याचं कानावर आलं.

दोनेक वर्षांनी मीरा रोडच्या भाजीबाजारात भेटल्या. खूप थकल्या होत्या. मी कशी आहे हे न विचारता म्हणाल्या, "काय काढतेस सध्या?" माझ्या पिशवीत एका जिन्याचं प्रिंट होतं, साहेबांनी चुका दाखवून परत केलेलं. ते त्यांनी मागून घेतलं, गाडीवरच्या बल्बखाली उलगडलं आणि पायरी न् पायरी बघू लागल्या.

भाजीवाला वैतागला. "आंटी, लेना है तो लो, नहीं तो बाजू हटो."

"रुको भैया," काकू मान वर न करता म्हणाल्या, "काम चल रहा है."