नको शिकवणाऱ्या मावशी

मावशी रोज सकाळी दहाला भांडायच्या. गोखिवऱ्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे एक करून स्वमग्न मुलांचा छोटासा वर्ग चालायचा. त्या वर्गाच्या दारात बरोबर दहाला एक रिक्षावाला रिक्षा आडवी लावून चहाला निघायचा, आणि बरोबर दहालाच मुलं यायची. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"ए बाबा, बाजूला घे! पोरा उतरायची हायेत. रस्ता काय तुना लग्नान आंदन मिलालाय?"

"दोनच मिनिटं, मावशी."

"दोन मिनटान माजी भाकर करपते. घे बाजूला!"

रिक्षा बाजूला व्हायची. परत येताना तोच रिक्षावाला मावशींसाठी अर्धा चहा घेऊन यायचा. कुकरच्या शिट्टीनेही कान झाकून घेणारी मुलं हे भांडण खिडकीत उभी राहून मजेत ऐकायची. वर्गाच्या बाई म्हणायच्या, "शब्द रोज तेच, शेवटही तोच. आमच्या मुलांना जे पाठ असतं ते आवडतं." पाठ किती झालं होतं, ते एका मुलाच्या आजोबांना कळलं. तोवर एकेक शब्दच बोलणारा तो नातू एका संध्याकाळी टीव्हीच्या आड आलेल्या आजोबांना म्हणाला, "बाजूला घे! रस्ता काय तुना लग्नान आंदन मिलालाय?" दुसऱ्या दिवशी आजोबा पेढे घेऊन वर्गात हजर.

मावशी जवळच्या जूचंद्र गावच्या. उमेदीची वर्षं मिठागरात गेली, मग मिठागराचं काम उरलं नाही म्हणून त्या इथे मदतनीस म्हणून लागल्या. झाडलोट करायची, पाणी भरायचं, मुलांचे डबे उघडून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. शिकवायचं काम बाईंचं. बाई शिकलेल्या होत्या, मनापासून शिकवायच्या. चित्रांच्या कार्डांवरून हसायचं कधी, नमस्कार कधी करायचा, थँक्यू कधी म्हणायचं, हे त्या घोटून घ्यायच्या.

मी मुक्ताला तिथे घेऊन गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आम्ही जवळच्याच एव्हरशाईन सिटीत राहायचो. तिच्या निदानानंतर मी नोकरी सोडली होती. मुक्ता अगदी थोडं बोलायची, पण सांगाल ते ऐकायची. बस म्हटलं की बसायची, दे म्हटलं की द्यायची. नातेवाईक म्हणायचे, "असं असूनही किती शहाणी आहे गं!" आणि मला बरं वाटायचं. बाकी काही नाही तरी एवढं मी तिला नीट शिकवलंय, असं वाटायचं.

वर्गात महिनाभर झाला असेल. दुपारी मुक्ताला घ्यायला गेले तर मावशी पायरीवर बसलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात एक ढीग. मुक्ताचा डबा, पाण्याची बाटली, दप्तर, केसांची रिबीन, चपला. मुक्ता शेजारी अनवाणी, शांत उभी.

"काय झालं, मावशी?"

"काय व्हायचा? मी मागत गेले, ही देत गेली. डबा दे बोलले, दिलान. बाटली दे, दिलीन. बाय, हिनं मना पायातल्या चपला पन दिल्या!"

मी हसले. मावशी हसल्या नाहीत.

"तुना हासू येते? आज मी मागला. उद्या कोन मागंल? आनि काय मागंल?"

मुलीला शहाणी करायच्या नादात मी तिला कोणाच्याही हवाली करून ठेवलं होतं, आणि ते मला दाखवलं डबे उघडून देणाऱ्या बाईने.

"थँक्यू तं सगलेच शिकवतान," मावशी मुक्ताच्या चपला तिच्या पायात घालत म्हणाल्या. "नको कोन शिकवनार?"

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मावशींचा वर्ग सुरू झाला. फळा नाही, कार्डं नाहीत. सुरुवात सुकटीच्या चटणीने झाली. मुक्ताला सुकटीचा वास मुळीच सोसत नसे. मावशी तिच्यासमोर वाटी धरायच्या, "खातेस?" मुक्ता तोंड वेडंवाकडं करायची, डोळे मिटायची, पण बोलायची नाही. पहिल्या दिवशी तर तिने श्वास रोखून घास घ्यायला तोंडही उघडलं. मावशींनीच वाटी मागे घेतली आणि स्वतः म्हणून दाखवलं, "नको." असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका दुपारी मुक्ताने हाताने वाटी ढकलली आणि ओरडली, "नको!"

मावशी वाटीसकट चार पावलं मागे सरकल्या. "नाय देत. बघ, नाय देत," म्हणत वाटी झाकून थेट दाराबाहेर ठेवून आल्या. त्यांचा नियमच तो. मुलाने नको म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं. हसण्यावारी न्यायचं नाही, 'एकच घास' नाही, 'माझ्यासाठी' नाही. त्या म्हणायच्या, "नको बोलून काय झाला नाय, तं पोर दुसऱ्यांदा कशाला बोलंल?"

पुढचे पंधरा दिवस वर्गात नुसता गोंधळ होता. मुक्ताचं बघून बाकीची मुलंही नको म्हणू लागली. कार्ड नको, खुर्ची नको, प्रार्थना नको. बाई वैतागल्या. त्यांची आणि मावशींची चांगलीच जुंपली. बाईंचं म्हणणं, "मी वर्षभर बसवलेली घडी तुम्ही सुकटीने विस्कटलीत." मावशी म्हणाल्या, "विस्कटू दे. परत बसवू, पन पोरांचा 'नको' धरून बसवू." बाई मनाच्या मोठ्या. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कार्डांच्या गठ्ठ्यात नवीन कार्ड घातलं. त्यावर पंजा पुढे केलेली मुलगी होती.

घरी तर माझी शोभाच झाली. आंघोळ नको, वेणी नको, आई नको. एका सकाळी मी तणतणत वर्गात गेले. "मावशी, ही मलाही नको म्हणते!"

"बोलंलच. पयला तुनाच बोलनार."

"पण घरात असं कसं चालेल?"

"तुज्या घरान नको चालत नसंल, तं बाहेर कसा चालंल?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "बाय, तू तरी कोनाला नको बोलतेस काय?"

त्यावर विचार करतच मी घरी आले. आंघोळ चुकवता येणार नव्हती, पण सकाळी की संध्याकाळी, हे मुक्ताला विचारता आलं असतं. मी विचारायला लागले. भांडणं निम्म्याने कमी झाली.

त्याच सुमारास घरी पूजा होती. माझ्या नवऱ्याच्या आत्या आल्या होत्या. प्रेमळ बाई, पण मुक्ता दिसली की तिचे गाल धरून पापे घेतल्याशिवाय राहायच्या नाहीत, आणि दर वेळी मुक्ता लाकडासारखी ताठ व्हायची. त्या दिवशी आत्यांनी हात पुढे केले आणि मुक्ता स्वच्छ म्हणाली, "नको."

आत्यांचा चेहरा उतरला. "अगं, हेच शिकवतात का तिथे?"

एरवी मी मुक्ताला पुढे ढकललं असतं आणि सॉरी म्हण म्हणून सांगितलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "आत्या, ती नको म्हणाली ना. राहू दे." आत्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. पण जेवताना मुक्ता आपणहून त्यांच्या पानाशेजारी जाऊन बसली, अगदी कोपराला कोपर लावून. आत्यांनी या वेळी हात आवरला आणि हळूच तिच्या पानात आपली जिलबी ठेवली.

नको म्हणायला शिकवून मावशी थांबल्या नाहीत. दुसऱ्याचं नको ऐकून घेणं, हा त्यांचा पुढचा धडा होता, आणि तो मुलांना फार जड गेला. मुक्ताला मावशींच्या हिरव्या बांगड्या फिरवत बसायला आवडायचं. मावशी कधी फिरवू द्यायच्या, कधी म्हणायच्या, "आज नको." मग मुक्ता जमिनीवर लोळण घेऊन रडायची. मावशी रागवायच्या नाहीत, बांगड्याही द्यायच्या नाहीत. शेजारी फतकल मारून तांदूळ निवडत बसायच्या. "रड. मी हाय हितंच. पन आज नको." रडण्याचा वेळ हळूहळू कमी होत गेला. पुढे मुक्ता हात पुढे करण्याआधी थांबून मावशींच्या तोंडाकडे बघू लागली. समोरच्याच्या तोंडाकडे बघ, असं आम्ही तिला हजार वेळा सांगितलं होतं. आता तिला बघायला कारण मिळालं होतं.

आमच्या सोसायटीच्या आवारात मुक्ताची सायकल रोज संध्याकाळी रिया नावाची मुलगी न्यायची, आणि मुक्ता तिच्या मागे चालत राहायची. मला वाटायचं, खेळतायत. एकदा बाल्कनीतून पाहिलं तर मुक्ताने हँडल घट्ट धरलं होतं. "नको. माझी पाळी." रिया चकित होऊन बाजूला झाली. मुक्ताने तीन फेऱ्या मारल्या, उतरली, आणि रियाला शोधत जिन्यापाशी गेली. "घे. आता तुझी." इतके दिवस सायकल तिच्याकडून जात होती. त्या दिवशी तिने ती दिली. रिया आजही घरी येते, आणि दोघींची भांडणंही होतात. एरवी आया भांडणाला कंटाळतात, मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते.

गेल्या वर्षी मावशींनी काम सोडलं. मुलाला मूल झालं, सून नोकरीला लागली, बाळाकडे बघायला कोणीतरी हवं होतं. निरोपाच्या दिवशी बाईंनी साडी दिली, मुलांनी गाणं म्हटलं, आणि मावशी सगळ्यांवर ओरडत राहिल्या, कारण रडू येऊ द्यायचं नव्हतं. मुक्ता त्यांच्याकडे न बघताच रिक्षात बसली. मला वाईट वाटलं. मावशी म्हणाल्या, "तिना माहीत हाय, मी तिची कोन हाय ती."

दिवाळीनंतर आम्ही जूचंद्रला त्यांच्या घरी गेलो. मावशी ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर नातू झोपलेला. एक गुडघा चांगलाच सुजला होता. मी तब्येतीचं विचारलं, "बरी हाय" म्हणून त्यांनी उडवून लावलं. आत जाऊन मी त्यांच्या सुनेशी बोलत होते, तेवढ्यात बाहेरून मुक्ताचा आवाज आला.

"दुखतं?"

मी दारापाशी आले. मुक्ता मावशींच्या शेजारी बसून गुडघ्याकडे बघत होती. कोणाचं दुखणं तिने आजवर विचारलेलं नव्हतं. मावशी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हां गो, दुखते. लय दुखते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहणं, डोक्यावरच्या टोपल्या, ज्यावरून त्या एकदा पडल्या तो बांध, घरी न सांगता काढलेल्या कळा. सून माझ्या मागे येऊन ऐकत उभी राहिली. यातलं तिलाही काही माहीत नव्हतं. बोलता बोलता मावशी जरा थांबल्या.

मुक्ता थोडी जवळ सरकली.

"मग?"