ओरत्तनाडूचा मिरीचा दाणा

"संपलें नाहीं, अजून आहे!" असं म्हणत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दक्षिणेकडे बोट दाखवायच्या. मी गणित शिकवायचो. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची घरं समोरासमोर, म्हणून मी त्यांना अक्का म्हणे.

दरवर्षी एका रविवारी अक्का दारात कोलम, म्हणजे इथली रांगोळी, घालत. माणूस आडवा झोपला तरी उरेल एवढं गोल. तो सूर्य. अडीचशे मीटरवर सुपारी ठेवली की ती पृथ्वी. मुलं सायकलींवरून साडेसात किलोमीटर जाऊन नेपच्यूनला पोचत आणि घामाघूम होऊन विचारत, "संपलं ना?" मग ते बोट. त्याही पलीकडे बर्फाचे गोळे आहेत, त्यातला एरिस मिरीएवढा, आणि तो पार चोवीस किलोमीटरवर, ओरत्तनाडू गावाला!

तिथे स्वतः जाऊन तो दाणा ठेवायचा, एवढीच त्यांची हौस राहिली होती. मी "पुढल्या वर्षी नक्की" म्हणत तीन वर्षं काढली. मग त्यांच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना हात धरून बसमध्ये बसवलं.

वाटेत मला डुलकी लागली. लगेच कोपर बसलं. "झोपूं नको रे! एवढें रिकामें पुन्हा कुठें बघशील?" बाहेर भातशेतांमागून भातशेतं चालली होती, आणि अक्कांच्या हिशेबाने तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. माझी झोप उडाली. खरं सांगतो, थोडी भीतीही वाटली.

उतरून पर्स उघडली, तर दाणा घरीच! "अय्यो!" अक्का रडवेल्या झाल्या. मी त्यांना हॉटेलात नेऊन पोंगल, म्हणजे इथली मुगाची खिचडी, मागवला. त्यातली मिरी आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो ना? अक्कांनी ती उचलली, पदराला पुसली आणि मराठ्यांनी बांधलेल्या छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, पायरीवर ठेवली.

"आपले लोक इकडे येऊन साडेतीनशें वर्षं झालीं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ह्याचा सूर्याभोवतीं एक फेरा अजून पुरा झाला नाहीं. इतक्या लांबून आपलें कोलम ह्याला धरून आहे, बघ."

तंजावूरच्या दिशेला नुसतं ऊन होतं. माझ्या अंगावर काटा आला.

महिन्याभरात अक्का गेल्या. सुतकाच्या घरी कोलम घालत नाहीत. सकाळी गेलो तर त्यांच्या दारातली जमीन धुतलेली, ओली आणि कोरी होती. तिच्याकडे बघताना मला एकदम ओरत्तनाडूच्या त्या दाण्याची काळजी वाटली. आता त्याला कोण धरून ठेवणार?