नऊशे बारा पानांची धाकटी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, नारायणगावातल्या एका कापडदुकानामागच्या खोलीत, चार वाचकांचे एका पुस्तकावर एकमत झाले. तिघांच्या मनात एक पुस्तक होते, चौथ्याच्या मनात दुसरेच. हे आठ दिवसांनी कळले.

चौघांपैकी एक मी. पुण्यातल्या एका दैनिकात तीस वर्षे उपसंपादक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या जागेत बसवणे हे माझे काम. दुसरे दुकानाचे मालक. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, घरात आता मराठीच बोलतात. त्यांना सगळे शेठ म्हणतात. तिसरे येडगावचे द्राक्षबागायतदार. चौथे तळेघरच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवणारे गुरुजी. ते मंचरला बस बदलून येतात. आमच्या वाचक मंडळात ते नवे होते, ही त्यांची दुसरीच बैठक.

आम्ही अद्भुत कादंबऱ्या वाचतो. त्यांतले देश कुठल्या नकाशात नसतात, त्यामुळे पहिल्या पानावर नकाशा द्यावा लागतो. बैठक महिन्यातून एका रविवारी दुपारी होते. शिवारात ऊस उभा असेल तेव्हा ती पाचला उठते, कारण उसात बिबट्या दडतो आणि बागायतदारांना तो बाहेर पडायच्या वेळेआधी मोटरसायकलवरून घर गाठायचे असते.

एका लेखिकेवर चौघांचाही जीव आहे. तिच्या तीन कादंबऱ्या आहेत. तिन्ही एकाच कल्पित नदीच्या काठी घडतात, पण प्रत्येकीतली माणसे वेगळी, म्हणून कोणतीही आधी वाचली तरी अडत नाही. नावे लांबलचक असल्यामुळे मंडळात त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात. शेठच्या फळीवर त्या तेव्हा जाडीप्रमाणे उभ्या असत: नऊशे बारा पानांची थोरली, चारशे वीस पानांची मधली, एकशे साठ पानांची धाकटी.

त्या रविवारी प्रश्न माझा होता.

माझी थोरली बहीण ओझरला राहते. तिला मी आक्का म्हणते आणि आता बाकीचेही तसेच म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर तिला अर्धांगाचा झटका आला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले आणि तिच्याकडे राहायला आले. तिचे बोलणे महिन्याभरात सुधारले. उजवा हात बराचसा परत आला. वाचन आले नाही. अक्षरे ओळखू येत, वाक्य कळे, पण पान उलटले की मागचे पान गेलेले असे. डॉक्टरांनी थोडे थोडे, छोटे छोटे वाचायला द्या असे सांगितले.

मी वाचायला तिच्याकडून शिकले, शाळेत नंतर. शेंगा फोडायला बसलो की ती मांडीवर पुस्तक ठेवून राक्षसांच्या गोष्टी मोठ्याने वाचायची आणि मी तिच्या बोटामागून ओळ धरायची. पुढे संसार, शेती, जनावरे सांभाळून ती हातात येईल ते वाचत राहिली. जादू, चेटूक, बोलणारे पक्षी यांची आवड मुळात तिची. माझ्याकडे ती तिच्याकडून आली.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी तिला वर्तमानपत्रातली चौकट दिली. ती तिने बाजूला ठेवली. मग एका तीनशे पानी कादंबरीचा मी दोन पानांत सारांश केला आणि मोठ्या अक्षरात लिहून दिला. तो तिने शेवटपर्यंत वाचला, कागद परत केला आणि म्हणाली, "ही काय गोष्ट व्हय? ही तार हाय. कोण मेलं ते सांगितलंस, कोण व्हतं ते सांगितलंच न्हाईस."

त्यानंतर तिने चष्मा कपाटात ठेवून दिला. चार महिने तो तिथेच होता. दिवाळीत मी पुन्हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "एकदाच बघीन. न्हाई जमलं तर परत पुस्तक माझ्या म्होरं आणायचं न्हाई."

म्हणून ते एकदाच बघायचे पुस्तक कोणते असावे, हे मी मंडळाला विचारायला गेले होते. खोलीत पोचले तेव्हा बाकीच्यांचा वाद आधीच सुरू झाला होता. विषय नेहमीचाच: पुस्तक किती लांब असावे.

"माप घेऊन कापड फाडावं," शेठ म्हणत होते. "ढगळ शिवलं की माणूस त्यात अडखळतो."

"द्राक्षाचे मणी विरळले न्हाईत तर घडाचं काय व्हतं?" बागायतदार म्हणाले. "आतनं सडतो. या लेखक लोकांच्या हातात एकदा कात्री द्या राव."

गुरुजी म्हणाले, "भाऊ, मी शाळेतनं वस्तीवर चालत जातो, दोन तास. वाट लांब हाय म्हणून डोंगर कापा असं कुणी म्हणतं का?"

"कापत्यात की! बायपासला काय कापलं मग?"

शेठ हसले. गुरुजीही हसले, पण मागे हटले नाहीत. पावसाळ्यात त्यांच्याकडे गाड्या कमी येतात, एक पुस्तक चार महिने पुरवावे लागते, बारके पुस्तक श्रावणाच्या आत संपते, असे त्यांचे म्हणणे. मी शेठच्या बाजूने बोलले. महत्त्वाचे वर लिहायचे आणि जागा कमी पडली तर खालून कापायचे हे मी तीस वर्षे केले आहे, आणि कापल्यामुळे बिघडलेली बातमी मला आठवत नाही, असे मी सांगितले.

मग मी आक्काचे सांगितले. ती एकदाच बघणार आहे, हेही सांगितले.

पहिले गुरुजी बोलले. "आक्कांना धाकटी द्या. डोळे झाकून द्या."

"आले!" शेठ म्हणाले. "गुरुजी आले लायनीवर!"

बागायतदारांनी मांडीवर थाप मारली. "एवढा तास भांडला राव, आणि शेवटी धाकटीच ना?"

"मी पहिल्यापास्नं तेच म्हणतोय," गुरुजी म्हणाले.

आपण जिंकलो असे त्यांना वाटले. आम्हा तिघांनाही तसेच वाटले. मंडळाच्या वहीत मी लिहिले: "एकमताने धाकटी." शेठची धाकटी त्यांच्या मेव्हण्याकडे आळेफाट्याला गेलेली होती. माझी पुण्याच्या घरी खोक्यात होती. गुरुजी म्हणाले, आपली प्रत धाडतो.

पुढच्या सोमवारी तळेघरहून एक कुटुंब जीप करून ओझरला गणपतीच्या दर्शनाला आले. गुरुजींनी पुस्तक त्यांच्याकडे दिले होते. ते घरी आले तेव्हा मी दळण आणायला गेले होते. पुडके आक्काने घेतले, त्यांना चहा दिला, आणि मी परतले तेव्हा ती खाटेवर बसलेली होती. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक.

"हे धाकटं?" ती म्हणाली. "मग थोरलं काय गाड्यानं आणत्यात?"

ते नऊशे बारा पानांचे होते. मी ओट्यावर जाऊन गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, आपलं धाकटी द्यायचं ठरलं होतं."

"धाकटीच हाय ती."

"अहो, ही सगळ्यांत जाड आहे."

"जाड असंल. पण शेवटी झाली ती धाकटी. शेंडेफळ हाय ते, ताई."

"आम्ही जाडीवरून म्हणतो. जाड ती थोरली."

मग ते म्हणाले, "पोरं काय वजन करून थोरली-धाकटी ठरवत्यात व्हय?"

गुरुजींनी तिन्ही पुस्तके ज्या त्या वर्षी, निघतील तशी घेतली होती. पहिले निघाले ते एकशे साठ पानांचे, म्हणून त्यांची ती थोरली. आमची धाकटी ती त्यांची थोरली, आणि त्यांची धाकटी ती आमची थोरली. मधली दोन्हीकडे मधलीच. पहिल्या बैठकीत फक्त मधलीवर बोलणे झाले होते, म्हणून फरक लक्षात आला नव्हता.

गुरुजींनी माफी मागितली. येत्या गाडीने पुस्तक परत पाठवते असे मी सांगत होते, तेवढ्यात आतून आक्काची हाक आली. कपाटातला चष्मा हवा होता.

मी चष्मा दिला. पुस्तक चुकून आले आहे, बारके येणार आहे, तोवर थांब, असेही सांगितले. ती म्हणाली, "आलं ते आलं."

पहिल्या दिवशी तिने दीड पान वाचले. दुसऱ्या दिवशी पुढे वाचताना बोट एका ओळीवर ठेवून विचारले, "ही नावाडीण कालचीच का?" मी हो म्हटले. तिसऱ्या दिवशी तिने तेच विचारले. चौथ्याही दिवशी. असे अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी ती त्या ओळीवर थांबली, "हां, जोडवेवाली," असे स्वतःशी म्हणाली आणि पुढे गेली.

कादंबरीतल्या नावाडिणीच्या पायात एकच जोडवे आहे. दुसरे नदीत गेले. ती जेव्हा जेव्हा पानावर येते तेव्हा तेव्हा त्या जोडव्याचा उल्लेख येतो. जकात वसूल करणाऱ्या चुंगीवाल्याच्या खोकल्याचे तसेच, आंधळ्या घोड्याच्या घंटेचेही तसेच. काही वर्षांपूर्वी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या प्रतीत मी अशा प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने बारीक टिंब केले होते. बातमीत एक माहिती दोनदा जात नाही. माझ्या मते ती सारी वाक्ये कापण्याजोगी होती. नुसत्या जोडव्याची टिंबे सत्तावीस होती.

गुरुजींच्या प्रतीत टिंबे नव्हती. आक्का त्या वाक्यांवर थांबत होती आणि तिथून पुढे जात होती.

पुढे शेठची एकशे साठ पानांची प्रत आळेफाट्याहून परत आली तेव्हा मी ती पुन्हा वाचून पाहिली. तिच्यात प्रत्येक माणसाचे वर्णन एकदा येते, पहिल्या भेटीत. पुन्हा येत नाही.

महिन्याभरात आक्का दिवसाला तीन पानांवर आली. मागचे सगळे आठवते असे नाही. घटना निसटतात, माणसे राहतात. एकदा जेवताना भाकरी तशीच हातात धरून ती म्हणाली, "त्या चुंगीवाल्याचा खोकला काय बरा दिसत न्हाई मला." जूनपासून पुस्तकातल्या माणसाबद्दल ती आपणहून बोलल्याचे हे पहिले उदाहरण. मी ते तारखेसह लिहून ठेवले आहे.

माघातल्या बैठकीला बागायतदारांनी गाडी आणली आणि आक्काला नेले. शेठनी तिच्यासाठी दुकानातली गादी आत आणून टाकली. पुस्तक तिने कापडी पिशवीतून बरोबर आणले होते. त्या दिवशी ती दोनशे चौथ्या पानावर होती आणि खूण म्हणून बसचे जुने तिकीट घातलेले होते.

"आक्का," बागायतदार म्हणाले, "खरं सांगा. लई जाड न्हाई वाटत?"

"वाटतं की. मांडी भरून येती."

"मग? विरळायला पाहिजे का न्हाई?"

"तुमची द्राक्षं विरळा," ती म्हणाली. "जाड हाय म्हणून तर माणसं वळखीची झाली. बारकं असतं तर वळख पटायच्या आत पावणं उठून गेलं असतं."

शेठ म्हणाले, "बोला की गुरुजी, आता तुमची वेळ आहे."

"मी काय बोलू? मी चुकीचं पुस्तक धाडलं व्हतं."

मी गुरुजींचे आभार मानले. ते म्हणाले, चुकीचे कसले आभार. मी पुन्हा मानले. तळेघरच्या त्या कुटुंबालाही निरोप द्यायला सांगितले, कारण ते पुडके त्यांनी देवळाच्या रांगेत दोन तास हातात धरले होते, असे आक्काला त्यांनी चहा पिताना सांगितले होते. शेठनी आतून एका निळ्या कापडाची पट्टी कापून आणली आणि तिकिटाच्या जागी घातली. तिकीट आक्काने पिशवीत ठेवून दिले.

लांबीचा वाद त्या दिवशी मिटला नाही. बागायतदार अजून विरळणीच्या बाजूचे आहेत, आणि त्यांच्या आवडीचे पुस्तक अजूनही एकशे साठ पानांचेच आहे. नवीन वाचकाला आधी कोणते द्यावे यावर पाचला उठेपर्यंत बोलणे चालले. आक्काने दोनदा मध्ये तोंड घातले.

मंडळाच्या वहीतली दिवाळीनंतरची नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली, वर्तमानपत्रात देतात तशी, दुरुस्ती लिहिली: "वरील नोंदीत 'एकमताने' असे म्हटले आहे. ते खरे नव्हते. धाकटी म्हणजे शेवटी निघालेली, नऊशे बारा पानांची. यापुढे हाच अर्थ धरावा." चौघांनी सह्या केल्या. पाचवी सही आक्काची आहे, उजव्या हाताने केलेली.

शेठच्या फळीवर पुस्तके आता निघालेल्या क्रमाने लावली आहेत.

आज सकाळी निळी पट्टी सहाशे अकराव्या पानावर होती. चष्मा पुस्तकावर होता.