धानाच्या लोंबीचा काठ

मी माझ्या पत्नीला दंड धरून मागावरून उठविले होते.

ती यमुना आज पहाटे गेली. म्हणून हे आजच लिहिणे मला आवश्यक वाटते.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली होती. नागपुरात आमच्या कोष्टी मोहल्ल्यात लुगड्याला करवतीच्या दात्यांचा काठ विणण्याची रीत होती. बायका कांड्यांवर सूत भरीत. मागावर पुरुष बसत.

यमुना कुहीकडची, धानाच्या गावची. तिला काठावर धानाची लोंबी विणायची होती.
भरलेली. वाकलेली.

आई म्हणाली, “काहून वं, लुगडं नेसाचं हाय का वावरात पेराचं?”

इतवारीच्या व्यापाऱ्याने तिचे कोळशाने काढलेले डिझाइन पाहून विचारले, “हा झाडू कोनाचा?”

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मागावर बसलेली दिसली, तेव्हा मी तिला उठविले.

ती एवढेच म्हणाली, “करवत तं सारेच विनते. मले धान विनाचा हाय.”

काठाला दोन माणसे लागतात. एकाने आडव्या सुताचा धोटा टाकायचा, पलीकडे बसलेल्याने तो परत पाठवायचा. ती पलीकडची जागा शिकाऊ माणसाची.

आठ दिवसांनी मी बाजारातून परतलो, तर यमुना एकटीच विणीत होती.
धोटा टाकायची. मागाच्या खड्ड्यातून पाय काढून पलीकडे जायची. धोटा परत टाकायची. पुन्हा अलीकडे.
एकेका धाग्यासाठी.

चार बोटे काठ झाला होता.

मी दारात चप्पल काढली व पलीकडे जाऊन बसलो.

“तुमी? तिथं?”

“टाक वं धोटा.”

“लक्ष ठेवा मंग. माह्या लोंब्या तुमच्यावानी ताठ नोका करू.”

व्यापाऱ्याने ते लुगडे घेतले नाही. आई शेवटपर्यंत त्याला झाडूच म्हणत राहिली.

यमुना ते नेसून माहेरी गेली. तिच्या वडिलांनी काठावरून बोट फिरविले, आणि धानाचा वाणसुद्धा ओळखला.
“हा तं आपला चिन्नोर हाय, पोरी.”

आज तेच लुगडे मी पेटीतून काढले.

सुना म्हणाल्या, “बाबा, सवाष्ण गेली. हिरवं नवं लुगडं पाहिजे. हे जुनं कोनी घालते का?”

मी म्हटले, “हेच.”

यमुना, पलीकडच्या जागेवरून तुला माझा अखेरचा नमस्कार.