वरचा केशरी, खालचा मरून

पहिलं विमान मी उडवताना नाही, रंगवतानाच मोडलं. थर्माकोलच्या शीटचं, चांगलं दोन हात रुंद पंखांचं, दीड महिना खपून केलेलं. हार्डवेअरच्या दुकानातून लाल स्प्रेचा डबा आणला, गच्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि मोठ्या थाटात फवारा मारला. डोळ्यांदेखत पंख विरघळायला लागला आणि पाच मिनिटांत त्याचा जाळीदार अनारसा झाला. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं, हे म्हणे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. बावन्न वर्षांच्या सरकारी कारकुनाला ठाऊक नव्हतं. बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. "तळलंत की काय हो?" एवढंच तिनं विचारलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

दुसऱ्या विमानाला पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग दिला. शहाणपण आलं होतं, पण अर्धंच. वर पांढरा आणि खाली आकाशी, अगदी खऱ्या विमानासारखं. दिसायला देखणं झालं. पण सोलापूरचं मार्चमधलं आभाळ सकाळी नऊलाच पांढरंफटक पडतं. विमान वर गेलं, एक गिरकी घेतली आणि दिसेनासं झालं. मी हातात रिमोट घेऊन तोंड वर करून अर्धा तास उभा होतो. ते विमान मला आजतागायत सापडलेलं नाही.

घरी येऊन मी भांड्यांवर राग काढत होतो, तेव्हा दारातल्या खुर्चीवरून वडील म्हणाले, "आभाळात पाठवायचं आणि आभाळाचाच रंग द्यायचा. मग ते दिसणार कसं?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते रंगाबद्दल काही बोलले होते.

वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, इथे मी ते मराठीत लिहितोय एवढंच. नान्ना टॉवेल-चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते. ओल्या सुताची लडी मुठीत दाबून ती वाळल्यावर कशी दिसेल ते सांगायचे, आणि ती तशीच दिसायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. समोरचं मधोमध पुसल्यासारखं होतं, कडेचं दिसतं, म्हणून काहीही बघताना ते मान तिरकी करतात. त्यात रंगांची सरमिसळ व्हायला लागली. गेल्या दिवाळीत सुनेची, म्हणजे माझ्या बायकोची, हिरवीगार साडी बघून ते कौतुकानं म्हणाले, "चॉकलेटी रंग तुला शोभतो हं." सगळं घर हसलं. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून नान्नांनी रंगाचा शब्द काढला नव्हता. ज्या माणसानं जन्मभर रंगावर अधिकारानं बोलावं, तो खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकत होता.

म्हणून तिसरं विमान त्यांच्या हातून रंगवून घ्यायचं मी ठरवलं. विमान निव्वळ निमित्त होतं असं म्हणणार नाही, मला ते उडवायचं होतंच. पण त्याहून जास्त मला नान्ना पहिल्यासारखे बोलायला हवे होते.

ते बोलायलाही लागले. "लांब गेलं की रंग राहत नाही, उजेड आणि अंधार तेवढा राहतो," ते म्हणाले. "पाठ उजळ ठेव आणि पोट गडद. वळताना उजळ दिसलं तर पाठ, गडद दिसलं तर पोट. वरचा केशरी, खालचा मरून."

मग चार दिवस आमच्या गच्चीच्या जिन्यात रंगखातं सुरू झालं. नान्ना रंग बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "अजून पाणी घाल. जाड रंग म्हणजे वजन." ब्रशाला त्यांनी हात लावू दिला नाही, स्पंजच्या तुकड्यानं टिपून टिपून पातळ हात द्यायला लावला. शेपटीला सगळ्यात कमी रंग, कारण मागं जड झालं की विमान नाक वर करून बसतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा "एवढं तरी तुला कळतं" अशी दादही मिळाली. मी विमान उन्हात वाळवायला निघालो तर ओरडले, "पापडासारखा वाकेल तो पंख! सावलीत ठेव." शिव्या खाताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पोटाचा मरून बाटलीतूनच आलेला, तो छान बसला. पाठीचा केशरी मात्र नान्नांना स्वतः करायचा होता. वाटीत पिवळा घेतला, मी दिलेल्या बाटलीतला लाल टाकला, सुरेख केशरी उतरला. तिथं थांबायला हवं होतं. पण "उन्हात फिका पडेल, अजून थोडा लाल हवा," असं म्हणत त्यांनी स्वतःच हात लांब केला आणि शेजारची हिरवी बाटली उचलली.

मी बघत होतो. तोंड उघडलं आणि दिवाळीचं ते हसू आठवलं, तसं मिटलं. हिरवा रंग वाटीत पडला. नान्ना ढवळत राहिले, केशरी आधी विटकरी झाला, मग त्याहून काळवंडला. त्यांनी मान तिरकी करून वाटीत बघितलं.

"जमला का?"

"झकास."

"पिवळ्यावर नाही ना गेला?"

"छे, अगदी भगवा आहे, नान्ना."

बायको जिन्यात आली, विमान बघून "हा कसला..." म्हणाली आणि मी डोळे वटारले तशी गप्प झाली. नान्ना खुशीत होते. संध्याकाळी ते दोनदा जिन्यात जाऊन पंखावर हात फिरवून आले. आपण किती चांगला मुलगा आहोत, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मंगळवेढ्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याचं रान आहे. ज्वारी निघाली की तिथं नुसती धसकटं उरतात आणि तो मला विमान उडवू देतो. स्कूटरवर मागे नान्ना, त्यांच्या मांडीवर आडवं विमान, दोन्ही बाजूंनी पंख बाहेर. सिग्नलला लोक आपणहून वाट देत होते.

विमान झकास उठलं. नान्ना मोटरच्या आवाजाच्या रोखानं मान वळवत राहिले आणि एकदम ओरडले, "दिसतंय रे! ठिपका दिसतोय!" मी आनंदानं त्यांच्याकडे बघितलं. परत वर बघितलं तेव्हा विमान लांब वळत होतं, आणि मला पाठ कुठली, पोट कुठलं तेच कळेना. दोन्ही सारखेच काळे. ते माझ्याकडे येतंय, म्हणजे डावं-उजवं उलटं, असं समजून मी रिमोटची काठी उजवीकडे ओढली. ते लांब जात होतं. पुढच्या क्षणी पलीकडच्या रानात फट् असा आवाज आला.

आम्ही शोधत फिरलो. थोड्या वेळानं रानाचा मालक एक पंख हातात धरून आला.

"सायेब, वाळल्या चिंचंगत रंग दिलाय की इमानाला! धसकटात कुटं गावायचं ते? लाल-पिवळं कायतरी लावायचं न्हाय व्हय?"

नान्ना थांबले. "कसला रंग म्हणालात?"

"चिंचंचा की. हितं बघा." त्यानं पंख त्यांच्या हातात दिला, त्यांची तिरकी मान बघितली, माझ्याकडे बघितलं आणि "मोटर तितं पडली आसंल, आणतो," म्हणत निघून गेला.

नान्नांनी पंखावरून बोटं फिरवली. "कुठली बाटली घेतली होती मी?"

"हिरवी."

"तू बघत होतास?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यांनी पंख उलटा करून पोटाच्या बाजूनंही बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यात ज्यानं रंगवलं त्यानं शेड पास करायची नाही, असा रिवाज होता. दुसरा माणूस लडी दारात उजेडाला नेऊन बघायचा. नाही तर नाही म्हणायचा, समोर मास्तर असला तरी. माझ्या कितीतरी लड्या परत आल्यात. दिवाळीत तुम्ही हसलात, राग आला मला. पण साडी हिरवी आहे एवढं तरी कळलं. त्यानंतर घरात सगळे माझ्या प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायला लागलात. मग विचारण्यात काय अर्थ होता? म्हणून गप्प बसलो."

मी त्यांच्या हातातला पंख घ्यायला गेलो, त्यांनी सोडला नाही.

"चार दिवस मी केशरी विमान बघत होतो," ते म्हणाले. "नसलेलं. डोळे गेले ते गेले रे. पण तूही खोटं सांगायला लागलास, तर मी बघायचं कशानं?"

इतकी माया केली आणि त्या मायेनंच मी त्यांना अंधारात बसवलं होतं. "चुकलो, नान्ना," मी म्हणालो.

ते बांधावर बसले आणि मलाही शेजारी बसवलं. "सांग, समोर काय रंग आहे?"

"धसकटं आहेत. राखाडी."

"राखाडी म्हणजे कुठला? ओल्या राखेचा की कोरड्या?"

मला सांगता येईना. मी बघतच नव्हतो, नुसतं नाव घेतलं होतं. मग मी उठलो, वाकून एक धसकट उपटलं आणि उजेडाला धरलं.

"कोरड्या राखेचा. पण सगळा नाही. बुडाशी, मातीत होतं तिथं, पिवळा राहिलाय. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेसारखा."

नान्नांनी डोळे मिटले होते.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलं."