कासारमावशी आणि गोडबोली

कासारमावशी माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. आधी हात बघत, मग वाटलंच तर तोंड. आणि आमची दोघींची नोकरी होती माणसांची तोंडं बघण्याची.

आष्ट्यात एका खताच्या दुकानावर माडी आहे. तिथे पंधरा-वीस बायका कॉम्प्युटरपुढे बसून दिवसभर माणसांचे व्हिडिओ बघायच्या आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव द्यायच्या: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, नाहीतर ‘काही नाही’. त्यावरून यंत्र शिकायचं. कुणी पुढ्यात उभं राहिलं की त्याचं मन ओळखून गोड आवाजात बोलायचं, ‘आपण रागावलेले दिसता. थोडं पाणी प्या.’ बायकांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं गोडबोली.

मी तिथली पर्यवेक्षक. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं पोरांचे कान पिळून निवृत्त झालेली, लेकीकडे राहायला आलेली. तेव्हा मी अवघी बासष्टची, म्हणजे पोरच. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, बुडाखाली चाकांची खुर्ची. कुणी बघत नसलं की मी त्या खुर्चीवर एक गिरकी घेत असे. साहेबांनी दिलेलं नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ होतं. दात दिसले की आनंद, भुवया जवळ आल्या की राग.

“दात दिसलं म्हंजी आनंद व्हय?” मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं. “मग आमच्या गल्लीतलं कुत्रं लय आनंदी हाय, बाई.”

मावशींनी चाळीस वर्षं आजूबाजूच्या गावांत फिरून बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या होत्या. गुडघे गेले तेव्हा नातीने त्यांना माऊस धरायला शिकवलं. त्या म्हणायच्या, “बाई तोंडानं हसंल, पर हात हातात घेतला की समदं कळतंय. माहेरी निघालीय का मार खाऊन आलीय, हाताला इचारायचं.” मी त्यांना पुस्तक दाखवून गप्प करायची. एकदा लग्नाचा व्हिडिओ आला. वरमाई तोंड फिरवून बसलेली. मी म्हटलं, राग. मावशी म्हणाल्या, “राग न्हाई, रुसलीय. रागावल्याली उठून जाती. ही पदराचं टोक फिरवत बसलीय, कोण समजवाय येतंय म्हणून.” पुस्तकात रुसव्याचा रकाना नव्हता. मी ‘राग’वर शिक्का मारला आणि एक गिरकी घेतली.

आणि हो, मावशी काही क्षमेची मूर्ती नव्हत्या. एका घरच्या मालकिणीने त्यांना कधीकाळी उंबऱ्याबाहेर बसवून, वरून ओंजळीत पाणी ओतून प्यायला लावलं होतं. मावशींनी त्या मालकिणीला पुढे बारा वर्षं एका मापाने लहान बांगडी भरली. “इसरायचं न्हाई,” त्या म्हणायच्या, “आन घाई बी करायची न्हाई.”

आमच्यात स्वाती नावाची मुलगी होती, तिकडे फलटणकडची. नवरा सैन्यात, बर्फाच्या बाजूला. कामाच्या ठिकाणी मोबाइल आत न्यायला बंदी, तो काचेच्या दाराबाहेर ट्रेमध्ये ठेवायचा. साहेबांनी नवी टूम काढली. गोडबोलीचा एक डोळा प्रत्येकीच्या कॉम्प्युटरवर बसवला, कोण मनापासून काम करतंय ते बघायला. स्वातीच्या नावापुढे आठ दिवस लाल खूण येत राहिली: राग, राग, राग. खूण बरोबर आहे का हे तपासून शेवटचा शिक्का मारायचा तो मी. मी व्हिडिओ बघितला. जबडा आवळलेला, भुवया जवळ. पुस्तकाप्रमाणे राग. पाच पावलांवर पोरगी बसली होती, तिला विचारावं हे मला सुचलं नाही. मारला शिक्का. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला ‘रागीट वृत्ती’ असं लिहिलेलं पत्र हातात देऊन काढून टाकलं. ते पत्र बघून पुढे सांगलीतही तिला कुणी कामावर घेईना.

मावशींनी तोच व्हिडिओ मला परत लावायला सांगितला. “हात बगा. बांगड्या पार कोपरापत्तुर सारल्यात तिनं.”

“मग?”

“आवाज हुऊ नये म्हणून. भाईर फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून. आठ दिस झालं, नवऱ्याचा फोन न्हाई. भ्यालीय ती पोर. आन तुमी लिवलं राग.”

मी खुर्ची स्थिर धरली. नवऱ्याचा फोन अकराव्या दिवशी आला. बर्फाने टॉवर बंद पडला होता. पण पत्र काही बदललं नाही. साहेब हसून म्हणाले, “सिस्टिम चुकत नसते, मॅडम.”

मावशी साहेबांच्या हातांकडे बघत राहिल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

महिन्याभराने बाहेरून मोठे पाहुणे गोडबोली बघायला येणार ठरले. तिने आपला चेहरा झटकन ओळखावा म्हणून साहेबांनी स्वतःचेच शे-दीडशे व्हिडिओ आमच्याकडे पाठवले. सगळे हसरे. संक्रांतीला मावशींकडून तिळगूळ घेताना, बायकांच्या हातून कागद घेताना, स्वातीला पत्र देताना. मावशींनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. “तोंड सोडा, हात बगा.” बघितलं तर प्रत्येक वेळी आमच्या हाताला हात लागला की तो माणूस हळूच बोटं रुमालाला पुसत होता. तिळगूळ घेतला, पुसली. कागद घेतला, पुसली. “हसतोय तोंडानं, पुसतोय हातानं,” मावशी म्हणाल्या. “ह्येला काय म्हंत्यात तुमच्या पुस्तकात?”

तीन बायकांचं एकमत झालं की नाव पक्कं व्हायचं, असा नियम. तिघी कशाला, सगळ्यांचं झालं. प्रत्येक हसूपुढे एकच नाव: किळस. उरला माझा शिक्का.

“मावशी, माझी नोकरी जाईल हो.”

“जाऊ द्या की. खुर्ची घिऊन मराय लागलायसा का?”

मारले शिक्के. सगळे. साठीनंतर इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता, आणि तो चांगला आनंद नव्हता हेही लिहून ठेवते.

पाहुणे आले. साहेब गोडबोलीपुढे उभे राहिले आणि ते हसू हसले. गोडबोली गोड आवाजात म्हणाली, “आपल्याला समोरच्या माणसांची किळस वाटते आहे. थोडं पाणी प्या.” कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी आणखी मोठं हसून दाखवलं. “आपली किळस वाढलेली दिसते.” साहेब लालबुंद होऊन आमच्यावर ओरडले, “कुणी शिकवलं हे?”

मावशी उठून उभ्या राहिल्या. “आमी समद्यांनी, सायेब. बाईंनी तपासलं. सिस्टिम चुकत नसती.”

पाहुण्यांतल्या एका बाईंनी ते व्हिडिओ मागवून घेतले, आणि त्यांच्याबरोबर स्वातीचाही. पंधरा दिवसांत साहेब दिसेनासे झाले. स्वातीचं पत्र रद्द झालं, नोंदीत ‘भीती’ आलं. ती परत आली नाही. सांगलीला एका दवाखान्यात कामाला लागली.

मी मावशींना म्हटलं, “फेडलं बाई एकदाचं.”

“सायबाचं फेडलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं हाय अजून.”

पुढच्या रविवारी त्यांनी मला बसमध्ये घालून सांगलीला स्वातीच्या खोलीवर नेलं. तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली मी, कुणापुढे ‘मी चुकले’ म्हटल्याचं मला आठवत नाही. दारातच म्हटलं. स्वातीने आम्हाला बसवलं. आत गेली आणि चहा घेऊन आली. मी घोट घेतला. चहात साखरेच्या जागी मीठ होतं, चांगलं दोन चमचे.

मावशींनी आपल्या कपातला चहा बशीत ओतून भुरका मारला. “ग्वाड झालाय गं.” मग पहिल्यांदाच त्यांनी थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. “कसा हाय, बाई?”

“छान आहे,” मी म्हटलं.

“मग संपवा.”

गेल्या वर्षी मावशी गेल्या. त्यांच्या दहाव्याला स्वाती आणि मी घाटावर शेजारी उभ्या होतो. तेव्हा तिने मला हळूच विचारलं, त्या दिवशी तुम्ही कप खाली का ठेवला नाहीत? मी म्हटलं, मावशी बघत होत्या ना. आणि माझं मला माहीत होतं, अजून दोन चमचे मीठ पडायला हवं होतं.